अनोळखी माणसांसाठी घागर

चैत्र सरत आला की आमच्या गल्लीत घाट्याचा वास सुटतो. ज्वारीचं आंबवलेलं पीठ, त्यात लसूण, मिरची, तीळ. उजाडायच्या आत बायका मोठमोठी पातेली चुलीवर चढवतात आणि ऊन तापायच्या आत ओल्या लुगड्यांवर बिबडे थापून मोकळ्या होतात. बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. पारोळ्याचं ऊन असं, की दुपारपर्यंत त्यांच्या कडा आपोआप उचलल्या जातात. आज सकाळी समोरच्या शेवंताकाकूंच्या गच्चीवर मीही थापायला बसले होते. हात ओले, बोटांना गरम घाट्याचे चटके, बायकांचं हसणं. आणि मला त्या वासासोबत टीव्हीचा आवाज ऐकू येत होता. टीव्ही कुठेच चालू नव्हता.

दोन आखाज्यांआधीचा, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा माझ्या कानांतून गेलेला नाही. बाकीच्यांचा गेला. लोकांना नवे नवे अपघात मिळतात.

मला चारचौघींत बोलता येत नाही. कोणी काही विचारलं की उत्तर जेवणाची भांडी घासताना सुचतं. म्हणून हे लिहितेय.

भटू माझा भाऊ. माझ्यापेक्षा खूप लहान. आमचं माहेर सोनगीर, हायवेपासून थोडं आत, घराच्या ओट्यावरून किल्ला दिसतो. तो झाला तेव्हा आईची तब्येत खचली, म्हणून चौथीनंतर मी शाळेत गेले नाही, त्याला कडेवर घेऊन फिरले. तो बोलायला लागला तो ‘अक्का’ म्हणूनच. पुढे धुळ्याला शिकला, मग आणखी लांब शिकला, आणि मोठ्या शहरात विमानं तपासायच्या कामाला लागला. गावात कोणी म्हणालं, ‘मजा शे रे तुनी, रोज इमानमा बसस,’ तर तो म्हणायचा, ‘मी इमानमा नई बसस काका, इमानखाले बसस.’ चाकं, ब्रेक, खालची नळ्यांची गुंतागुंत हे त्याचं काम. विमान उतरून पुन्हा उडेपर्यंत जो थोडा वेळ असतो, तेवढ्यात त्याला ते पाहावं लागे. मला यातलं एवढंच कळत होतं, की माझा भाऊ ज्याला हात लावतो त्यावर माणसं बसतात.

त्या वर्षी चैत्रात एका सकाळी त्याने एका विमानाचं चाक बदललं. ते विमान दिवसभर उडत होतं. संध्याकाळी दुसऱ्या शहरात उतरताना ते एका बाजूला ओढलं गेलं, धावपट्टीच्या बाहेर गेलं, मोडलं आणि पेटलं. माणसं गेली. किती, ते मी लिहीत नाही. टीव्हीवर तो आकडा सारखा बदलत होता, आणि मला प्रत्येक आकडा खरा वाटत होता.

आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया हा सासुरवाशिणींचा सण. भाऊ बहिणीला न्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भटू बॅग घेऊन आमच्या दारात उभा राहिला तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, ‘माय, यंदा मुऱ्हाळी लवकर उना!’ तो हसला. घरात आल्यावर म्हणाला, ‘अक्का, सध्या घरी थांबा म्हणे साहेब. सोनगीरले आबास्ना समोर जावाले जीव होत नई. अठे ऱ्हाऊ का थोडं?’

आबा म्हणजे आमचे वडील. भावाने बहिणीच्या सासरी असं राहायचं नसतं. त्याला ते ठाऊक होतं. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, ‘विचारतो काय? आत ये.’ आमच्या ह्यांचा तो एक शब्द मी जन्मभर विसरणार नाही.

माझे दीर, आम्ही त्यांना नाना म्हणतो, त्यांचं बाजारात मोबाइलचं दुकान आहे. मनाने वाईट नाहीत. पण त्यांना गोष्ट अर्धी राहिलेली चालत नाही. जेवायला आले की टीव्ही लावायचे. तिथे चौकोनांत चौकोन करून माणसं बसलेली असायची आणि एकमेकांवर ओरडायची. एक चित्रातलं विमान होतं, ते पुन्हा पुन्हा उतरायचं, पुन्हा पुन्हा पेटायचं. नाना घास हातात धरून सांगायचे, ‘पक्षी धडकना. नक्की पक्षीच.’ दुसऱ्या जेवणाला पक्षी उडून गेलेला असायचा आणि वैमानिकाला झोप लागलेली असायची. मग वाऱ्याचं नाव निघालं. मग एका संध्याकाळी त्या चित्रातल्या विमानाच्या चाकाभोवती लाल गोल काढला गेला.

सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘तुले बरं दखायनं रे नाना, पारोळामा बसीसन!’

‘मी नई म्हनत आई, ते तज्ज्ञ म्हनतस.’

‘मंग त्या तज्ज्ञले इचार, तो तरी व्हता का तठे?’

नाना हसले. ‘बठ्ठास्ले माहीत शे आई. फक्त चौकशी करनारास्लेच माहीत नई.’

भटू मान खाली घालून भाकरी मोडत होता. त्या लाल गोलाकडे त्याने एकदाच पाहिलं. मी उठून टीव्ही बंद केला असता तर सगळ्यांना कळलं असतं की मला काय वाटतंय. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

त्याला बोलायची मनाई होती. साहेबांनीच सांगितलं होतं, चौकशी चालू आहे, बाहेर कोणाशी एक शब्द नाही. म्हणजे ज्यांना काही माहीत नव्हतं ते दिवसभर बोलत होते, आणि ज्याला थोडंफार माहीत होतं तो आमच्या मागच्या खोलीत पंख्याखाली गप्प पडून होता. गल्लीत कोणी विचारलं तर म्हणायचा, ‘बोलता येत नई काकू.’ तो पुढे गेला की काकू म्हणायच्या, ‘बोलाले तोंड पाहिजे ना.’

एकदा दुपारी, बाहेर झळा लागत होत्या, मी त्याला कैरीचं पन्हं दिलं आणि धीर करून विचारलं, ही चौकशी म्हणजे काय असते? कारण आमच्याकडे चौकशी म्हणजे जीप येते, सावलीत उभी राहते, चहा होतो, पंचनामा होतो. आमच्या शिवारात विजेचा खांब दुरुस्त करताना एक माणूस चिकटून मेला, तेव्हाही जीप आली होती. शेवटी चूक त्याचीच निघाली. तो सांगायला उठणार नव्हता.

भटू उठून बसला. तेवढा त्या महिन्यात तो कधी बोलला नाही. म्हणाला, ‘तसं नई अक्का. ते तुकडा तुकडा गोळा करतस. मोठ्या शेडमा जमिनीवर बठ्ठं मांडतस, जशेना तशे. चाक चाकनी जागावर, पंख पंखनी जागावर. मंग एक एक नट पाहतस. लोखंड सांगस अक्का. ढिलं ऱ्हायनं तर येगळं झिजस, घट्ट ऱ्हायनं आनि धक्काले तुटनं तर येगळं तुटस. कोणले फाशी देवासाठे नई करत. परत असं होवाले नको म्हनीसन करतस.’

‘कधी सांगतील?’

‘येळ लागस. घाईमा केलं तर खोटं निघी.’

त्याचा त्यांच्यावर एवढा भरवसा होता, की मला त्याची दया आली. मी देवाला नवस बोलत होते आणि तो शेडवर विसंबून होता. पण त्या दिवसापासून मीही डोळे मिटले की ती शेड पाहू लागले. न पाहिलेली. जमिनीवर जळका माल ओळीने मांडलेला, आणि कोणी एक माणूस चष्मा सावरत वाकून पाहतोय. तो कोण असेल, त्याला मराठी येत असेल का, तो जेवला असेल का, असं मनात येई. माझ्या भावाचं सगळं आयुष्य त्या माणसाच्या वाकण्यावर होतं. तो दमून लवकर घरी जाऊ नये एवढंच मी मागत होते.

एकदा नाना चांगल्या मनाने म्हणाले, ‘भटूभाऊ, वैमानिकवर ढकली दे ना. तो तर गया. त्याले आते काय फरक पडस? तू तरी सुटशी.’

भटूचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. ‘नाना, त्यानी बी बहीन कथी टीव्ही दखी ऱ्हायनी व्हई.’

मी स्वयंपाकघरात होते. माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. कारण आदल्याच दिवशी टीव्हीवर वैमानिकाचं नाव घेतलं गेलं तेव्हा माझ्या छातीवरचा दगड थोडा सरकला होता. म्हणजे तो तिकडे दुसऱ्या कोणा बाईच्या छातीवर गेला होता. ती कोण, कुठली, तिच्याही गल्लीत बिबडे वाळत असतील का, नसतील. पण टीव्हीवर चाकाला लाल गोल काढला गेला तेव्हा तिला थोडं बरं वाटलं असेल, आणि त्यात तिचा काय दोष? आम्ही दोघी एकमेकींना न बघता एकच दगड इकडून तिकडे ढकलत होतो.

त्याचे हात स्वस्थ राहत नसत. मोरीतला नळ तो सारखा बंद करायचा. बंदच असायचा, तरी जाता येता आवळायचा. शेवटी आटा गेला आणि पाणी सुरू झालं ते थांबेना. सासूबाई हसून म्हणाल्या, ‘इमान दुरुस्त करनारा माणूस, आनि मना नळ तोडा!’ सगळे हसले. भटूही हसला. मग मागच्या खोलीत गेला आणि जेवायला आला नाही.

आखाजी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. कुंभाराकडून लाल घागर आणायची, पाणी भरायचं, तोंडावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, आंबा, सांजोऱ्या. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. मग उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं आणि एकेकाचं नाव घ्यायचं. आजोबांचं, आजीचं, जे जे गेले त्यांचं. उन्हाळ्यात त्यांना तहान लागते, पाणी पोचतं, असं आपण मानतो. मला ते लहानपणापासून खरंच वाटतं.

आदल्या दिवशी भटूने मला विचारलं, ‘अक्का, एक घागर जास्त आणशी का?’

‘कोणासाठी?’

‘त्या लोकास्साठे. त्यास्ले तर पाणी बी भेटनं नसीन.’

असं कोणी करत नाही. घागर आपल्या माणसांची असते. त्यात हा दुसऱ्याचा उंबरठा, आमच्या सासरच्या पितरांचा. मी सासूबाईंना विचारायला घाबरत होते. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. ऐकून हात थांबला. मग म्हणाल्या, ‘तहानेलास्ले पाणी देवानं, त्याले काय इचारनं? आण.’

सगळ्यांची नावं घेऊन झाली. मग भटू पुढे झाला. त्याने दुसऱ्या घागरीला हात जोडले. बोट कुंकवात बुडवलं आणि उंबरठ्याच्या अगदी कडेला एक रेघ ओढली. नाव घ्यायला तोंड उघडलं. कोणाचं घेणार? तो तसाच ओणवा राहिला. त्याचे खांदे हलत होते. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

नानांनी त्याचा फोटो काढला. त्यांचेही डोळे भरले होते, मी पाहिलंय. त्यांनी तो नातेवाइकांत पाठवला आणि खाली लिहिलं, की पाहा, आमच्या वहिनीच्या भावाचं मन किती मोठं आहे, त्या विमानातल्या अनोळखी लोकांसाठी याने घागर भरली. त्यांना वाटलं, लोकांना कळेल हा कसा माणूस आहे.

लोकांना दुसरंच कळलं. आमच्या भागात घागर कोण कोणासाठी भरतो हे सगळ्यांना ठाऊक. ज्याचं काही लागतं तो भरतो. मग याचं त्यांच्याशी काय लागतं? फोटो पारोळ्यातून धुळ्याला गेला, जळगावला गेला, भुसावळच्या कोणा पाहुण्याकडून फिरून आमच्याकडेच परत आला. येताना खालचा मजकूर बदललेला होता. ‘चाक बसवणाऱ्याने केलं प्रायश्चित्त.’ दोन दिवसांत तो टीव्हीवर होता. भटूच्या तोंडावर धुकं केलेलं होतं, पण उंबरठा आमचा होता, घागर माझ्या हातची होती. चौकोनातला एक माणूस म्हणाला, ‘मनात पाप नसेल तर माणूस असं का करेल?’

नाना दुकान बंद करून आले आणि ओसरीत डोक्याला हात लावून बसले. ‘वहिनी, मी चांगलं करामा गयू.’ ते खरंच चांगलं करायला गेले होते.

भटूला साहेबांचा फोन आला. चौकशी चालू असताना हे काय चालवलंय, लगेच या. तो बॅग भरत होता तेव्हा सासूबाई दारात आल्या. याच बाईने घागर आणायला सांगितलं होतं. त्या हळू आवाजात, मायेनेच म्हणाल्या, ‘बेटा, खरं सांग. तू काही करं नई, तर त्या लोकास्नी घागर तू सोताना अंगवर काबर घेतली?’

भटूने माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी काही बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण मला शब्द सुचेपर्यंत तो चपला घालून ओसरी उतरला होता. आखाजीचा झोका कडुलिंबाला बांधलेला होता, गल्लीतल्या मुली गाणी म्हणत होत्या, त्यांच्यातून तो एसटी स्टँडकडे गेला.

पावसाळ्यात पहिला अहवाल आला. कच्चा. इंग्रजीत. भटूने फोनवर मला त्यातला त्याच्यापुरता भाग आपल्या बोलीत सांगितला, सावकाश, जसं आजारी माणसाला सांगतात. त्यात लिहिलं होतं की त्या दिवशी सकाळी चाक बदललं होतं. तुकडे तपासायला पाठवले आहेत. कारण अजून ठरलेलं नाही. तो म्हणाला, ‘बठ्ठं खरं लिखेल शे अक्का. एक बी शब्द खोटा नई.’ त्याला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, चाक बदललं होतं, अहवालात उघड. तोच शब्द. त्यात काना-मात्राही बदललेली नव्हती. कारण ठरलेलं नाही, हे आत कुठेतरी बारीक अक्षरांत होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. खोट्याला खोटं म्हणता येतं. खऱ्याला लोकांनी आपल्या मनासारखं वाचलं तर कोणाकडे जायचं?

पक्का अहवाल अजून आलेला नाही. वेळ लागतो, भटू सांगतो. घाईत केलं तर खोटं निघेल. आता तो हे सांगताना माझ्याकडे बघत नाही. त्याचं काम सुटलं. जमत आलेलं लग्न होतं, मुलीकडच्यांनी फोन उचलणं थांबवलं. तो सोनगीरला आबांजवळ राहतो, शेतात जातो. दिवाळीला मी गेले होते तेव्हा शेजारच्या विहिरीवरची मोटार बंद पडली होती. भटू सहज उठला, पान्हा घेऊन निघाला. शेजारी म्हणाला, ‘ऱ्हाऊ दे भाऊ, धुळाहून माणूस बलायेल शे.’ धुळ्याहून कोणी येणार नव्हतं. संध्याकाळी त्या शेजाऱ्यानेच ठोकपीट करून ती चालू केली. भटू ओट्यावर बसून तो आवाज ऐकत होता.

हे सगळं मी सोसलं असतं. लोक बोलतात, विसरतात. मला मारलं ते वेगळ्याच गोष्टीने. कपाशी वेचायच्या दिवसांत एकदा त्याचा फोन आला. मी शेतात होते, ओटीत कापूस. त्याने आधी कापसाचं विचारलं. मग म्हणाला, ‘अक्का, मी नट घट्ट करेल व्हतात ना?’

मला. पारोळ्यात बसलेल्या, चौथी शिकलेल्या बाईला तो हे विचारत होता. त्या सकाळी मी भाकरी थापत असेन.

‘तू करेल व्हतात भटू,’ मी म्हटलं.

‘माले आठवस. पण आते मी आठवाले जास तं टीव्हीवालं चाकच दिसस. त्या लाल गोलवालं. मना हात दिसतच नई.’

त्या दिवसापासून मी अहवालाची वाट वेगळ्या कारणाने पाहते. गल्लीसाठी नाही, टीव्हीसाठी नाही, त्या तुटलेल्या लग्नासाठीही नाही. त्या शेडमधल्या वाकलेल्या माणसाने माझ्या भावाला त्याचे हात परत द्यावेत म्हणून. आणि दुसरी गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. समजा त्या माणसाला नट ढिलाच सापडला तर? तर काय करायचं ते मला माहीत नाही. मी त्या प्रश्नाच्या दारापर्यंत जाते आणि परत येते. भटू रोज त्या दाराच्या आत झोपतो.

मेलेल्यांच्या घरच्यांचंही मनात येतं. त्यांनाही कोणी तरी हवंच असेल, ज्याच्यावर बोट ठेवता येईल. त्यांनी माझ्या भावाला शिव्या दिल्या तर मी ऐकून घेईन. त्यांचा हक्क आहे. चौकोनात बसलेल्यांचा नाही.

गेल्या आखाजीला तो मला न्यायला आला नाही. मी गेले नाही. सासूबाईंनी नेहमीच्या घागरी भरल्या, जास्तीची नाही. यंदा चार दिवसांआधी त्याचा फोन आला, ‘अक्का, तुले लेवाले येस.’ मी इतकी खूश झाले की शेवंताकाकूंना आपण होऊन सांगितलं. आज सकाळी गच्चीवर बिबडे थापताना काकू म्हणाल्या, ‘कशावर नेतो गं? गाडीवर?’ आणि बाकीच्या बायकांकडे पाहून, ‘माय वं, जपीसन बस बरं का!’ सगळ्या हसल्या. वाईट हेतूने नाही. हसण्यासारखं वाटलं म्हणून. मीही घाट्यात हात बुडवून हसल्यासारखं केलं.

तो दुपारी आला. केस कानांजवळ पांढरे झालेत. सासूबाईंनी त्याला आमरस वाढला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. नाना दुकानातून मुद्दाम आले. कोणी टीव्ही लावला नाही. निघताना मी पिशवी घेऊन बाहेर आले तर तो मोटरसायकलजवळ उकिडवा बसलेला. मागचं चाक नव्या टायरचं होतं. काल पंक्चरमुळे त्यानेच काढून बसवलं होतं. मी पदर खोचून मागे बसले. तो गाडी सुरू करेना.

‘काय झालं रे?’

‘अक्का, उतर जराशी.’

मी उतरले. ऊन डोक्यावर होतं, समोरच्या गच्चीवर लुगडी वाळत होती आणि कठड्याआडून बायका बघत होत्या. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘त्या नटले हात लाईसन दख. घट्ट शे का सांग.’

‘माले काय कळस त्यातलं? तू बसाडेल शे ना. चल.’

‘नई. तू दख. कोणी तरी पाह्याशिवाय मी आते चालू नई करत.’

त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता. सोनगीरहून निघताना त्याने आबांना पाहायला लावलं असेल. आबांना धड दिसतही नाही.

मी गुडघ्यावर बसले. लोखंड उन्हाने तापलेलं होतं, बोट भाजलं. घट्ट नट कसा लागतो आणि ढिला कसा लागतो, मला माहीत नाही. मी तो धरला, फिरवून पाहिला, फिरला नाही. एवढ्याने काय कळतं? पण सगळी गल्ली पाहत होती आणि माझा भाऊ ऐकत होता. जन्मात पहिल्यांदा मी समोरच्या गच्चीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने बोलले.

‘घट्ट शे.’

त्याने किल्लीला हात घातला, पुन्हा काढला. मग म्हणाला, ‘परत एकदा दख.’